चहा, चुना आणि पालखीचा पुढचा खांदा

४ आजूर, १३४५ फसली

प्रारंभीच खुलासा करतो की, दैनंदिनी लिहिण्याची मला हौस नाही. परंतु बेगमपुऱ्यातील माझ्या राहत्या घरात काही काळापासून वस्तूंच्या मापांत परवानगीवाचून फेरफार होत आहेत आणि त्यांची नोंद ठेवणारा माझ्याखेरीज कोणी नाही. करोडगिरीच्या नाक्यावर मोहरीर म्हणून माझी हयात गेली. आलेल्या मालावर सरकारी जकात बसवणे व त्याची नोंद करणे हे माझे काम होते. ज्या मालाची नोंद नाही तो संशयित समजावा, हा नाक्याचा नियम आता मी घरास लागू करीत आहे. तारखाही सरकारी फसली सनाच्याच लिहीन; त्याचा पहिला महिना आजूर दसऱ्याच्या सुमारास लागतो, मग दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी असे क्रमाने येतात. माझे शिक्षण चौथी इयत्तेपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. मात्र ती त्या काळची चौथी होती.

पहिली नोंद शेरवानीची. नोकरीतून निवृत्त होताना मी अस्सल हिमरूची, म्हणजे रेशमी बुट्टीच्या कापडाची, शेरवानी शिवून घेतली. ती वर्षातून दोनदाच अंगावर चढते, दसऱ्यास आणि महाशिवरात्रीस. दसऱ्यास सोने वाटण्याकरिता ती घातली, तेव्हा जी किनार गुडघ्याखाली रुबाबात थांबत असे ती पोटऱ्यांवर लोळू लागली. मी आमच्या कोपऱ्यावरील शिंपी शफीमियाँ यांस बोलावून जाब विचारला. शफीमियाँ माझे बालपणापासूनचे स्नेही. त्यांनी किनार बोटांत धरून बराच वेळ पाहिली.

"हिमरू है, सदाशिवराव," ते म्हणाले. "पुराना हुआ तो बढताच. हवा लगती ना."

"मग माझा नेहमीचा कोट का वाढत नाही?"

"वो सुती है. सुती शरीफ रहता."

हे मला पटले. नेहमीचा कोट दरवर्षी त्यांच्याकडे उसवून शिवण्यास जातो आणि दरवर्षी अंगास बरोबर बसतो. यावरून सुती कापड हिमरूपेक्षा अधिक इमानदार असल्याचे सिद्ध होते.

९ आजूर

दुसरी नोंद खुंटीची. ज्या खुंटीस मी पगडी अडकवतो तिच्या वरच्या बाजूस भिंतीत छिद्रे आढळली. एकाच्या वर एक, आणि प्रत्येक मातीने लिंपलेले. पत्नीस, म्हणजे कालिंदीस, विचारले.

"उंदीर असतील," ती म्हणाली.

"उंदीर छिद्र पाडतात हे मान्य. लिंपतात कधीपासून?"

"लिंपलं मी. उघडं ठेवायचं का? चहा निवतोय तुमचा."

चहाच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून विषय तेथेच राहिला. चहा असा असावा की पेल्याचा तळ दिसू नये. दूध त्यात केवळ नावापुरते. उठल्यावर चहा, पूजेनंतर चहा, जेवण जड झाले तर चहा, हलके झाले तरी चहा, आणि मधल्या वेळेस चुना-तंबाखूचा विडा, अशी माझी शिस्त आहे. निव्वळ दूध हे बालके, रुग्ण व पहिलवान यांचे पेय असून मी तिघांपैकी कोणी नाही. ताकाने सर्दी होते. उन्हात मी छत्रीवाचून पाऊल टाकीत नाही. ऊन अंगावर घेणे हे ज्यांस बसण्यास कचेरी नाही त्यांचे काम. या शिस्तीमुळेच आजही मी आळीतील सर्वांत ताठ मनुष्य आहे.

१५ आजूर

जुन्या नाक्यावर सहज जाऊन आलो. तेथील दाराची चौकट इतकी ठेंगणी की, नोकरीच्या काळात मला प्रत्येक वेळी मान लववून आत जावे लागे. आज सवयीने मान लववली, तर वर मोकळी जागा राहिली. दुसऱ्या खेपेस ताठ गेलो, तरीही काही लागले नाही. नव्या अंमलदाराने चौकट उंच करून घेतलेली दिसते. माझ्या वेळी मी अर्ज केला होता, तेव्हा मंजुरी नाही असे उत्तर आले होते. मी विचारणा केली तेव्हा अंमलदार म्हणाले, "चौकट को तो किसी ने हाथ नहीं लगाया, रावसाहब." सरकारी खर्च लपवण्याची ही रीत मला नवी नाही.

२१ आजूर

आज घडले ते जसेच्या तसे लिहितो.

आमच्या आळीतील सिद्धेश्वराची पालखी महाशिवरात्रीस मंदिरापासून पाणचक्कीपर्यंत जाऊन परत येते. पालखी लहान आहे. तिला एकच दांडा. पुढे एक खांदा, मागे एक. पुढचा खांदा आजोबांपासून आमच्या घराण्याकडे आहे. मागचा खांदा तेल्यांच्या घरातील कारभारी नावाच्या इसमाकडे. मला पुत्र नाही. कन्या सरोजिनी जालन्यास दिली आहे. माझ्यामागे हा मान ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडे जावो. परंतु मी पायांवर उभा असताना तो कोणी माझ्या खांद्यावरून उचलून नेऊ नये, एवढेच माझे आयुष्यातील उरलेले मागणे आहे.

देवस्थानाचे पंच आप्पासाहेब आज घरी आले. चहा घेईपर्यंत हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "सदाशिवराव, यंदा खांदा सांडूला द्यावा असं आळीचं म्हणणं आहे."

सांडू हा कारभारीचा धाकटा भाऊ. ताडासारखा.

"कारण?" मी विचारले.

"पालखी तिरपी होते. पुढं कलते. तीन सालं झाली. देवाचा मुखवटा घसरत घसरत तुमच्या पाठीला येऊन टेकतो."

मी शांतपणे म्हणालो, "आप्पासाहेब, देव माझ्याकडे झुकतो यात माझा अपराध कोणता?"

"गेल्या साली नारळसुद्धा झुकला."

हे खरे आहे. गेल्या वर्षी पाणचक्कीच्या उतारावर पालखीतील नारळ घरंगळत येऊन माझ्या मानगुटीवर आदळला. मी तो प्रसाद समजून घरी आणला होता.

कालिंदी दाराआडून हसली. आप्पासाहेबही हसले असावेत. त्यांनी तोंडापुढे उपरणे धरले. शेवटी ठरले ते असे: या शिवरात्रीस पालखी सपाट निघाली तर खांदा माझा. देव झुकला तर पुढील सालापासून सांडूचा.

२३ आजूर

कारण सापडले. दोष माझा नसून कारभारीचा आहे. पालखी पुढे कलते याचा अर्थ मागचा मनुष्य उंच होत आहे. मी त्याच्या तेलघाण्यावर जाऊन स्पष्ट विचारले.

"कारभारी, तू वाढतो आहेस काय?"

"मी? काका, माझ्या पोराला मिशा फुटल्या की!"

"प्रश्नाचे उत्तर दे."

"नाय जी. आता वाढंल तं पोट वाढंल."

मी त्यास बजावले की, चाळिशी उलटलेल्या मनुष्याने उंच होणे नियमास धरून नाही. तो "व्हय जी, काका" म्हणाला. सांडू घाण्यामागे तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून उभा होता. त्यास दाढदुखी असावी.

२ दै

आज कालिंदीने मिरच्यांची फोडणी दिली. मला ठसका लागला, त्यातून शिंक आली आणि शिंकेबरोबर डाव्या बरगडीत वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. आता श्वास घेतला तरी कळ येते. एका शिंकेने मनुष्याचे हाड दुखावते यावरून मिरच्या कोणत्या प्रतीच्या येऊ लागल्या आहेत याची कल्पना यावी.

४ दै

सरकारी दवाखान्यात जावे लागले. डॉक्टर फारूख हे तरुण गृहस्थ हैदराबादेहून बदलून आले आहेत. त्यांनी बरगडी दाबली, पाठीचा कणा वरून खालपर्यंत बोटांनी चाचपला आणि उंची मोजायच्या मुलास करावे तसे मला भिंतीस टेकवून उभे केले.

"रावसाहब, जवानी में क़द कितना था?"

"जितना आज है," मी उत्तर दिले.

त्यांनी कालिंदीकडे पाहिले. कालिंदीने छताकडे पाहिले.

मग ते म्हणाले की, हाडे दगडाची नसतात. त्यांत चुना असतो, वयाबरोबर तो कमी होत जातो, हाडे पोकळ होतात आणि कण्याचे मणके एकमेकांवर दबत जातात. हे मला फारच पटले. ज्या भिंतीतील चुना गेला ती भिंत खचते, हे सांगण्यास वैद्यकाची परीक्षा नको. मी आभार मानून उठलो.

"अहो, डॉक्टरसाहेब अजून बोलतायत," कालिंदी म्हणाली.

"मूळ मुद्दा मला समजला आहे."

मी बाहेर टांग्यात जाऊन बसलो. कालिंदी मात्र बराच वेळ आत होती. बायकांना ऐकत बसण्याची आवड असते.

५ दै

हाडांत चुना असतो आणि माझ्या विड्यात तो रोज असतोच. म्हणजे इतकी वर्षे मी नकळत योग्य मार्गावरच होतो. केवळ प्रमाण कमी पडले. शिवरात्रीस अद्याप अवकाश आहे. आजपासून विड्यास चुना भरपूर. तंबाखूही त्या मानाने वाढवावी लागली, नाहीतर चव बिघडते. चहाही वाढवला, कारण चुन्याने घसा कोरडा पडतो.

६ दै

प्रगती उत्तम. जीभ किंचित चुरचुरते. चुना आपले काम करीत असल्याची ही खूण समजतो. दुपारी चुन्याचा एक स्वतंत्र गोळा, सुपारीएवढा, विड्यावाचून घेतला. कालिंदी शेजारी गेली होती.

८ दै

तोंड आले.

९ दै

ओठ, जीभ, टाळू, सर्व सोलले आहे. चहा तोंडाजवळ नेताच डोळ्यांतून पाणी येते. विडा अशक्य. बोलता येत नाही. घरात कमालीची शांतता आहे. कालिंदी प्रसन्न दिसते.

११ दै

शफीमियाँ समाचारास आले. मी पाटीवर लिहिले: "चुना घेतला." त्यांनी वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "कायकू? सफेदी करनी थी क्या अंदर से?" मी पाटी पुसली.

१९ दै

गार दूध आणि ताक यांखेरीज काहीही गिळवत नाही. सकाळी दूध, दुपारी ताक, तिन्हीसांजेस ज्वारीची आंबील, निजताना पुन्हा दूध. या वयात मी बालक, रुग्ण की पहिलवान हे ठरत नाही. चहा नसल्याने डोके इतके ठणकते की शेजारच्या घरातील चहाचा वास येताच मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. शेजाऱ्यांनी परवा खिडकी लावून घेतली.

दूध आणण्याची व्यवस्थाही बदलली आहे. गवळण लक्ष्मीबाई घरोघर रतीब घालते, परंतु कालिंदी म्हणते की आमच्या दारापर्यंत येताना तिच्या दुधात पाणी वाढते, म्हणून मी स्वतः गोठ्यावर जाऊन समोर धार काढून घ्यावी. गोठा पाणचक्कीच्या पलीकडे आहे. रोजची चाल बरीच होते. पण भेसळ पकडणे हे माझे रक्तातील काम असल्याने मी नकार दिला नाही.

लक्ष्मीबाई तोंडाची फटकळ. तांब्या पाहून म्हणाली, "काका, आता पेन्शनीत बाळसं धरायचा इचार हाय व्हय?"

तोंड आलेले असल्याने उत्तर देता आले नाही. उत्तर तयार आहे.

२४ दै

तिसरी नोंद: छत्री नाहीशी. कालिंदीने सांगितले की काडी मोडली म्हणून शफीमियाँकडे दिली आहे. मी गेलो. शफीमियाँनी छत्री काखोटीस मारली आणि म्हणाले, "काडी हैदराबादसे आनी है."

"छत्री तर उघडलेली दिसत नाही. मोडली कोठे?" मी कसेबसे विचारले.

"अंदर से मोडी."

बोलण्याचे श्रम नकोत म्हणून परत फिरलो. उन्हातून.

६ बहमन

तोंड बरे झाले. चहा प्यायलो. आश्चर्य असे की तो पूर्वीसारखा लागला नाही, कडू लागला. कालिंदीस विचारले तर म्हणाली, "डबा तोच, पूड तीच." तिने पेल्यात दूध इतके ओतले होते की तळ दिसत नव्हता खरा, पण पांढरेपणामुळे. तंबाखूच्या डबीचे झाकण मात्र गंजून बसले आहे. माझ्याने, कालिंदीच्याने, कोणाच्यानेही ते उघडत नाही. शफीमियाँनीही प्रयत्न करून पाहिला. प्रयत्न करताना ते झाकण उलट्या बाजूस फिरवीत होते असे मला वाटले, पण त्यांचा अपमान नको म्हणून बोललो नाही.

थंडी पडली आहे. छत्री नसल्याने आणि घरात गारठा असल्याने सकाळी ओट्यावर उन्हात बसतो. पाठीवर ऊन घेतल्यास बरे वाटते, हे मी केवळ या दैनंदिनीत मान्य करतो.

१७ बहमन

बरगडीची कळ गेली. गोठ्यावर जाताना धाप लागत नाही. लक्ष्मीबाईस तयार ठेवलेले उत्तर दिले. ती म्हणाली, "काका, मी तं इसरून बी गेले, काय इचारलं व्हतं."

तरीही खुंटी होती तेथेच आहे. मी वर चढलो, असे दिसत नाही. हाडांत चुना परत येत असेल तर तो आडवा पसरत असावा.

११ इस्फंदार

आज संक्रांत. कालिंदीने तिळगुळाच्या वड्या केल्या आणि एक माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तिळानं हाडं घट्ट होतात." मी विचारले हे तिला कोणी सांगितले. म्हणाली, "माझ्या आजीनं. आणि मग डॉक्टरसाहेबांनी."

वडी खाताना तिला माहेर आठवले. तिचे माहेर वेरूळचे, दारात गाई. पहाटे धारेचा फेस ओठांवर घेऊन ती अंगणात पळत असे, मग आई पदराने तोंड पुसत असे. हे सांगताना ती हसत होती. मी म्हणालो, मग तू हल्ली दूध का घेत नाहीस? म्हणाली, "मला नाही आवडत आता." वयाप्रमाणे आवड बदलते. ती कोरा चहाच घेते.

२ फरवरदी

शिवरात्र तोंडावर आली. शेरवानी पुन्हा घालून पाहिली. पायांत अडकते. अशा स्थितीत पाणचक्कीचा उतार उतरणे म्हणजे देवासह लोटांगण. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मनातली गोष्ट प्रथमच कालिंदीजवळ बोललो.

"देव यंदाही झुकला तर?"

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबले नाही. "झुकला तर झुकला. तुमचं हाड मोडू नये म्हंजे झालं. मला मान नको, तुम्ही पाहिजे."

"मान गेला तर मी काय उरलो?"

सूप थांबले. "शफीभाऊंना बोलवा," ती म्हणाली.

५ फरवरदी

शफीमियाँ शेरवानी घेऊन गेले. मी बजावले की किनारीस कात्री लागता कामा नये. किनार मागावरच विणलेली आहे. "किनारकू कौन हाथ लगाता? जादू करता मैं," असे म्हणाले. कारभारीही त्यांच्या दुकानात बसलेला दिसला. तेली आणि शिंपी यांचे कोणते खलबत चालले होते कळले नाही. मला पाहताच दोघे एकदम पावसाबद्दल बोलू लागले. सध्या माघाचे ऊन आहे.

१२ फरवरदी

शेरवानी आली. किनार जागच्या जागी, गुडघ्याखाली, पूर्वीसारखी. हिमरू आटले असावे, थंडी पडली होती. त्याखेरीज शफीमियाँनी एक गादी आणली, खांद्यावर ठेवण्याची, आत कापूस ठासून भरलेला, चांगली जाड.

"ही कसली गादी?" मी विचारले.

"मानाची गादी. पुराने घराने के मानकरी रखते ऐसी. दांडा खांदेकू लगता नहीं."

माझ्या आजोबांनी अशी गादी वापरल्याचे मला स्मरत नाही. परंतु मान वाढत असल्यास मी आड येत नाही. विशेष म्हणजे गादीचे कापड माझ्या शेरवानीच्या हिमरूशी बुट्टीस बुट्टी जुळते. असे कापड आता बाजारात मिळत नाही. कोठून आणले असे विचारले, तर शफीमियाँ सुईत दोरा ओवू लागले. त्यांच्या डोळ्यांस दिसत नाही. मीच ओवून दिला.

१९ फरवरदी

काल महाशिवरात्र झाली. काल रात्री हात थकला होता, म्हणून आज लिहितो.

शेरवानी घातली. खांद्यावर मानाची गादी ठेवली. आळी जमली होती. आप्पासाहेब पालखीच्या बाजूस उभे राहिले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, मुखवट्यावर होती. सांडू कडेला तयार उभा होता, खांद्यावर स्वतःचे उपरणे घडी करून. तो उपरणे घेऊन आलाच कसा, याचा मला संताप आला आणि त्या संतापात मी दांडा उचलला.

मंदिराच्या पायऱ्या उतरलो. पाठीस काही टेकले नाही. बाजारातून गेलो. काही टेकले नाही. मी पुढे पाहत होतो, देव मागे होता. तो कोठे आहे हे मला फक्त पाठीने कळणार होते. पाणचक्कीच्या उतारावर माझे प्राण मानगुटीत गोळा झाले. नारळ गेल्या वर्षी येथेच आला होता. मी मनात म्हणालो, देवा, आयुष्यभर तू माझ्याकडे झुकलास याचा अभिमान वाहिला. आजचा दिवस सरळ बस.

नारळ आला नाही.

परत मंदिरात दांडा उतरवला, तेव्हा मी वळून पाहिले. मुखवटा मधोमध. बेलाचे पानही हललेले नव्हते. आप्पासाहेब जवळ आले आणि म्हणाले, "सदाशिवराव, खांदा तुमचा." सांडूने उपरण्याची घडी मोडून तोंड पुसले. कालिंदी बायकांत उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मागे कारभारीकडे पाहून तिने हात जोडले.

कारभारीची मात्र मला कीव आली. दांडा ठेवताच तो पायरीवर बसला आणि दोन्ही मांड्या चोळू लागला. लोक सांगतात की सबंध वाटेने तो गुडघ्यांत वाकून चालत होता, बदकासारखा. मुले त्याला हसली. इतक्या तरुण वयात गुडघ्यांची ही दशा! मी त्याच्याजवळ जाऊन गंभीरपणे सांगितले, "कारभारी, चहा कमी कर. दूध घेत जा, उन्हात बैस. हाडांत चुना असतो, पण तो चुन्यातून मिळत नाही. हे मी अनुभवाने सांगतो."

"व्हय जी, काका," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. दुखत असावे.

२७ फरवरदी

आज पहाटे लवकर जाग आली. कालिंदी चुलीपाशी पाठमोरी बसून चहा घेत होती. पेल्यात डोकावलो. काळा.

"दूध कोठे आहे?"

"तुमचं शिंक्यात ठेवलंय. मांजर आहे ना."

"आणि तुझे?"

"मला नाही आवडत, सांगितलं ना. रतीब तेवढाच आहे."

रतीब मी आजारी पडण्यापूर्वी होता तेवढाच आहे. मी गोठ्यावर जातो, धार मोजून घेतो, भेसळ पकडतो, आणि ते सर्व दूध कोणाच्या पेल्यात जाते हे मी एकदाही पाहिले नव्हते.

मग ती माझे दूध काढण्यास उठली. शिंके छपराच्या तुळईस टांगलेले आहे. तिने हात वर केला. बोटे मडक्याच्या काठास पोहोचली नाहीत. ती चवड्यांवर उभी राहिली, तरीही नाही. तिने भिंतीस टेकवलेला पाट ओढला, त्यावर चढली आणि मडके काढले. मला स्पष्ट आठवते की हीच कालिंदी पूर्वी माझ्याशी वाद घालता घालता, वर न पाहता, सपाट पायांनी ते मडके काढीत असे.

ती अंगणात गेल्यावर मी दौत उघडली. शिंके परवानगीवाचून वर गेले आहे, अशी नोंद करण्यासाठी लेखणी बुडवली आणि तशीच ठेवली.

बराच वेळ मी खुंटीवरच्या लिंपलेल्या छिद्रांकडे पाहत बसलो. उंदीर इतक्या सरळ रेषेत वर जात नाहीत. खालीही येत नाहीत. मग शेरवानी काढून किनारीची आतली बाजू पाहिली. तेथे एक बारीक शिवण आहे, फारच सुबक. शफीमियाँनी डोळ्यांस दिसत नसताना घातलेली. गादी तिच्याशेजारी ठेवून पाहिली. बुट्टीस बुट्टी.

दवाखान्यात जाऊन डॉक्टर फारूख यांचे उरलेले बोलणे ऐकून आलो. तेथे काय बोललो ते लिहीत नाही.

दुपारी कालिंदी देवळात गेली, तेव्हा मी पाटावर चढून शिंक्याची दोरी सैल केली आणि नवी गाठ मारली, चार बोटे खाली. जुनी गाठ पडली होती तेथे दोरीवर काजळीवाचून पांढरा पट्टा राहिला. त्याला चुलीतील राख चोळली. मग गोठ्यावर जाऊन लक्ष्मीबाईस सांगितले की उद्यापासून रतीब दुप्पट. "दोन बाळं का काका?" तिने विचारले. मी होय म्हणालो.

तिन्हीसांजेस कालिंदीने हात वर केला आणि सपाट पायांनी मडके काढले. मग थांबली. दोरीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले.

"शिंकं खाली आलंय वाटतं."

"दोरी जुनी झाली की वाढते," मी म्हणालो. "हवा लागते ना."

तिने दूध तापवले आणि दोन पेल्यांत ओतले. दोन्ही पेले माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "घ्या, तपासा."

मी वाकून, डोळा पेल्यांच्या काठाशी आणून पाहिले. दूध कोणाकडेही कललेले नव्हते. दोन्ही सपाट होते.